कथा लिहिताना आधी काय, मग काय: कच्च्या मालापासून दिवाळी अंकाला पाठवेपर्यंत

सांगलीत आम्ही काही जण एकमेकांच्या कथा वाचतो, शिवाय ओळखीपाळखीतनं व्हॉट्सॲपवर पण बऱ्याच कथा येतात, "जरा बघून सांगा" म्हणून. त्यातल्या बहुतेक एकाच ठिकाणी फसलेल्या असतात. भाषा बरी असते, विषय चांगला असतो, लिहिणाऱ्याला आतनं काहीतरी सांगायचंय हे पण कळतं, पण क्रम उलटा झालेला असतो. आधी टायटल ठरतं, मग शेवट ठरतो, मग "यातनं काय मेसेज जाईल" ते ठरतं आणि सगळ्यात शेवटी त्या मेसेजला शोभतील अशी माणसं बनवली जातात. मग ती माणसं भाषणं करतात, रडतात, मरतात, आणि वाचणाऱ्याला काहीच होत नाही.

म्हणून हे सगळं क्रमानं लिहितोय. साधारण अडीच-तीन हजार शब्दांची पहिली-दुसरी कथा लिहिणाऱ्यासाठी आहे. समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत धरूया, पूर्ण काल्पनिक: तासगावच्या बाजूला एका गावात कमलकाकी आहे, नवरा नाही, एकरभर द्राक्षबाग आहे. व्यापाऱ्यानं इसार (सौद्याची आगाऊ रक्कम) दिला, माल तोडून नेला, उरलेल्या पैशाचा चेक दिला, चेक वटला नाही आणि व्यापाऱ्याचा फोन बंद. आणि तो व्यापारी आणून दिला होता तिच्याच पुतण्यानं, सचिननं.

१. कच्चा माल गोळा करा, लिहायला बसू नका

पहिले दोन-तीन आठवडे फक्त वही. मोबाईलच्या नोट्स चालतील, पण वही बरी, कारण मोबाईल उघडला की माणूस दुसरीकडंच जातो. ज्या जगातली कथा आहे तिथं जाऊन बसा. द्राक्षाची असेल तर बागेत आणि बेदाणा शेडवर, हळदीची असेल तर मार्केट यार्डात सौदे निघतात तेव्हा, सतारीची असेल तर मिरजेत सतारमेकर गल्लीत. आणि तिथं "माहिती" विचारू नका. माहिती विचारली की लोक पेपरात छापून येतं तसं बोलायला लागतात. काम चालू असताना बघा, हात काय करतायत ते बघा, कोण कुणाला काय म्हणून हाक मारतंय ते ऐका.

वहीत तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहा.

धंद्याचे शब्द. द्राक्षवाला "हार्वेस्टिंग" पण म्हणतो आणि "माल तोडणं" पण म्हणतो, पण "फळांची काढणी" कधीच म्हणत नाही. खरड छाटणी, फळछाटणी, थिनिंग, डाऊनी, पेटी, इसार, पट्टी हे शब्द त्याच्या तोंडात दिवसभर असतात.

वेळापत्रक. इथं फार लोक घसरतात. आपल्याकडं खरड छाटणी एप्रिलच्या आसपास, फळछाटणी ऑक्टोबरच्या आसपास, तिथनं पुढं चारेक महिन्यांनी माल, म्हणजे जानेवारी ते मार्च-एप्रिल. गणपतीत द्राक्षं तोडणारा शेतकरी कथेत आला की तासगावचा वाचक तिथंच कथा खाली ठेवतो. तसंच उसाचं, गाळप दिवाळीच्या आसपास सुरू होतं, भर पावसाळ्यात ऊसतोडीची टोळी फडात दाखवता येत नाही.

गोष्ट प्रत्यक्षात कशी घडते. सांगलीच्या पुरावरची कथा घ्या, २०१९ नंतर त्या खूप आल्या. दहातल्या निम्म्या कथांमध्ये "एका क्षणात पाण्याचा लोंढा आला आणि सगळं वाहून गेलं" असं असतं. सांगलीत कृष्णा अशी येत नाही. कोयनेतनं पाणी सोडलेलं कळतं, पाऊस चालू असतो, आयर्विन पुलाच्या पातळीचे आकडे लोक तासातासाला एकमेकांना पाठवत असतात. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका हे इथल्या पोरांना पण पाठ आहे, आणि त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पाणी चढतं ते पायरी-पायरीनं. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगरवाले आधीच सामान बांधतात, आणि पुढच्या गल्लीतला माणूस "आमच्यात येत नाही, २००५ ला पण आलं नव्हतं" म्हणत गाडीला विटा लावून बसतो. कथा तर त्या माणसात आहे! पण लोंढा लिहिला की तो माणूस जातो, कारण त्याला विचार करायला वेळच उरत नाही.

थांबा आणि तपासा: वहीत असे तीसेक तपशील झालेत का, जे तुम्हाला घरात बसून सुचले नसते? नसतील तर अजून एक चक्कर मारा.

सावध: लोकांचं बोलणं न विचारता रेकॉर्ड करू नका. आणि खरा माणूस ओळखू येईल असा जसाच्या तसा उचलू नका. गाव, वय, धंदा, घरातली माणसं यातलं निदान दोन-तीन बदला. बदनामीचं कलम आजही कायद्यात आहे, भारतीय न्याय संहितेत ३५६, आणि "ही कथा काल्पनिक आहे" एवढी एक ओळ टाकून त्यातनं सुटका होतेच असं नाही. कायद्याचं सोडा, त्या माणसाला त्याच गावात राहायचं असतं.

२. माणसाला काय पाहिजे ते एका वाक्यात लिहा

आता पेन घ्या आणि हे वाक्य पूर्ण करा: अमक्याला अमकं पाहिजे, अमक्या तारखेच्या आत, आणि अमकं माणूस आडवं आहे.

कमलकाकीचं वाक्य: "कमलकाकीला व्यापाऱ्याकडं अडकलेले पैसे पाहिजेत, मार्च एंडच्या आत सोसायटीचं कर्ज भरायला, पण पोलिसात गेली तर पहिलं नाव सचिनचं द्यावं लागतंय."

या एका वाक्यात कथा चालायला लागते. पैसे मोजता येतात, तारीख ठरलेली आहे, आणि आडवा आलेला माणूस खलनायक नाही, घरचाच आहे, त्याच्यावर तिचा जीव आहे. आता याच्या शेजारी नवखे लोक लिहितात ती वाक्यं ठेवून बघा: "कमलकाकीला न्याय पाहिजे." "कमलकाकीला सुखानं जगायचंय." न्याय आणि सुख कुठल्या दिवशी मिळालं हे दाखवता येत नाही, त्यामुळं ते मागायला माणूस कुठं जाणार आणि कुणाच्या दारात उभा राहणार हेच लेखकाला कळत नाही, आणि मग पान भरायला आठवणी सुरू होतात.

आडवा येणाऱ्याचं पण असंच एक वाक्य लिहा, हे कुणीच करत नाही. "सचिनला काकीला तोंड दाखवायचं नाही, कारण त्या व्यवहारात त्याला पेटीमागं कमिशन मिळालंय आणि ते त्यानं घरात सांगितलेलं नाही." बघा, आता दोघं समोरासमोर आली की काहीतरी होणारच.

तपासा: तुमचं वाक्य घरातल्या एखाद्याला सांगा. समोरचा "मग?" म्हणाला तर पुढं जा. "हं, बरोबर आहे" म्हणाला तर अजून विषयच आहे, कथा झालेली नाही.

३. कोण सांगतंय ते ठरवा

इथं पटकन निर्णय घ्या आणि मग बदलू नका. तीन पर्याय पुरतात: काकी स्वतः "मी" म्हणून सांगते, किंवा "ती" म्हणून सांगायचं पण फक्त काकीला दिसतं-कळतं तेवढंच, किंवा बाजूचं कुणीतरी सांगतंय, उदाहरणार्थ सचिनची बायको.

पहिल्या कथेला दुसरा पर्याय घ्या असं माझं स्पष्ट मत आहे. "मी" मध्ये सगळी कथा काकीच्या बोलीत लिहावी लागते, आणि तीन हजार शब्द बोली सांभाळणं अवघड असतं. बाजूच्या माणसाकडनं सांगायची गोडी वेगळीच असते, पण तो माणूस प्रत्येक ठिकाणी हजर कसा, हे जुळवताना जीव जातो.

नेहमीची चूक: अर्ध्या कथेत काकीच्या मनातलं आणि मधेच एका पॅराग्राफमध्ये सचिनच्या मनातलं. "सचिनला आतून अपराधी वाटत होतं" हे काकीला कसं कळलं? तिला कळणार ते एवढंच, की तो चप्पल शोधण्याच्या निमित्तानं दहा मिनिटं अंगणातच घुटमळला. तेवढंच लिहा.

४. सीनची यादी काढा

पाच ते सात सीन, त्यापेक्षा जास्त नको. कागदावर एकाखाली एक. प्रत्येक सीनपुढं दोन गोष्टी: कुठं घडतो, आणि सीन संपल्यावर काय बदललेलं असतं. समजा असं:

बँकेत चेक परत येतो, काकीला पहिल्यांदा कळतं. सचिनच्या घरी चहा, पैशाचा विषय निघतच नाही, पण त्याची नवी मोटरसायकल दिसते. सोसायटीचा सेक्रेटरी दारात येऊन जातो, आता तारीख पक्की. गावातल्या आणखी दोघांचे पैसे त्याच व्यापाऱ्यानं बुडवलेत, ते तक्रार द्यायला निघालेत, तिला बोलवायला येतात. पोलीस स्टेशनच्या बाकावर काकी बसलीय, नाव विचारलं जातंय.

"काय बदललं" हा रकाना ज्या सीनपुढं रिकामा राहील तो काढून टाका. बहुतेक वेळा तो लग्नाच्या आठवणीचा नाहीतर निसर्गवर्णनाचा सीन असतो, आणि लेखकाला तोच सगळ्यात आवडत असतो.

सुरुवात शक्य तेवढी उशिरा करा. बहुतेक वेळा काकीचं लग्न, नवऱ्याचा मृत्यू, बाग कशी लावली, हे सगळं पहिल्या दोन पानांत येतं आणि चेक येतो तिसऱ्या पानावर. चेक पहिल्या अर्ध्या पानात आला पाहिजे. नवरा नाही हे बँकेच्या स्लिपवर ती कुणाच्या नावाच्या खाली सही करते त्यातनं कळेल.

सावध: फ्लॅशबॅक. तीन हजार शब्दांत एकच, तोही अर्ध्या पानापेक्षा कमी. खिडकीतून बाहेर बघत "तिला तो दिवस आठवला" हे वाक्य लिहायचा मोह होईल, तेव्हा उठून पाणी पिऊन या.

शेवट या यादीत पक्का करायचा का? कुठल्या ठिकाणी थांबायचं ते ठरवा, म्हणजे पोलीस स्टेशनचा बाक. ती नाव देते का नाही हे लिहिताना ठरू दे. आधीच ठरवलं की मागचं सगळं त्या बाजूला झुकायला लागतं आणि वाचकाला दुसऱ्या पानावरच वास येतो.

५. पहिला ड्राफ्ट: मागं वळायचं नाही

रोज एक सीन, नाहीतर चारेकशे शब्द. रोज एकाच वेळेला बसलात तर बरं, पण नोकरी, शेती, पोरंबाळं सांभाळून जमेल तेव्हा बसा, तेवढं सलग दिवस ठेवा. आठ-दहा दिवसांत ड्राफ्ट झाला पाहिजे. महिनाभर रेंगाळला तर पहिल्या सीनमधली काकी आणि शेवटच्या सीनमधली काकी दोन वेगळ्या बायका होतात.

नियम एकच, कालचं लिहिलेलं दुरुस्त करायचं नाही. फक्त शेवटच्या चार ओळी वाचायच्या आणि पुढं जायचं. काही अडलं, म्हणजे चेक परत आल्यावर बँकेतला माणूस नेमका कुठला कागद देतो, तर तिथं तीन फुल्या मारा आणि पुढं चला, नंतर बँकेत जाऊन विचारा. अडलेलं शोधायला गुगलवर गेलात की त्या दिवसाचं लिहिणं संपलं.

टायपिंग जमत नसेल तर मोबाईलवर मराठी व्हॉइस टायपिंग चांगलं चालतं, सीन बोलत बोलत लिहिता येतो, आणि एक फायदा असा की बोलून लिहिलेले संवाद जास्त खरे येतात. तोटा पण आहे, वाक्यं लांबत जातात आणि पूर्णविराम येत नाहीत, तेव्हा दुसऱ्या हाताला, म्हणजे दुरुस्तीच्या फेरीत, ते निस्तरायचं.

६. झाकून ठेवा

निदान दोन आठवडे. कुणाला दाखवायची नाही, स्वतः उघडायची नाही. या काळात पुढच्या कथेची वही सुरू करा. एवढंच.

७. दुसरा हात: आधी मोठ्या गोष्टी

इथं सगळ्यात जास्त वेळ वाया जातो, कारण लोक शुद्धलेखनापासून सुरू करतात. ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करून झालं की तो पॅराग्राफ कापायला हात धजत नाही, घातलेले कष्ट आठवतात. म्हणून आधी कापाकापी.

प्रिंट काढा, झेरॉक्सच्या दुकानात थोडक्या पैशात होतं. पेन्सिल घेऊन एका बैठकीत वाचा. जिथं स्वतःलाच पान उलटावंसं वाटलं तिथं समासात रेघ मारा, का ते नंतर बघू. वाचून झालं की हे बघायचं:

चेक कितव्या ओळीत आला? काकी प्रत्येक सीनमध्ये काहीतरी करते का, का नुसतं तिच्याबाबतीत काहीतरी होतं? हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. सोसलेली बाई आपल्याकडच्या कथांत इतकी झालीय, की लेखकाला वाटतं सोसणं दाखवलं म्हणजे कथा झाली. पण काकी जर चेकची झेरॉक्स काढून ठेवत असेल, व्यापाऱ्याच्या गाडीचा नंबर कॅलेंडरवर लिहून ठेवत असेल, सचिनच्या घरी जाताना मुद्दाम त्याच्या पोरीला आवडतात म्हणून बेदाणे बांधून नेत असेल, तर ती डोक्यानं चालणारी बाई आहे, आणि अशा बाईच्या मागं वाचक चालतो.

मग शेवट. शेवटचा पॅराग्राफ पेन्सिलनं झाका आणि त्याच्या आधीच्या ओळीवर कथा संपते का बघा. बऱ्याच वेळा संपते. लेखकाला वाचकावर विश्वास नसतो, म्हणून तो शेवटी एकदा सगळं समजावून सांगतो. बाकावर बसलेली काकी, हवालदार विचारतो "व्यापाऱ्याची ओळख कुणी करून दिली?", आणि काकी जे उत्तर देते ते. त्यानंतर "नात्यांपेक्षा सत्य मोठं असतं हे तिला आज उमगलं होतं" हे वाक्य आलं, तर मागची सगळी पानं पाण्यात.

तपासा: दुसऱ्या हाताला कथा निदान पाचव्या हिश्श्यानं कमी झाली का? तीन हजारची चोवीसशे. झाली नसेल तर तुम्ही दुरुस्ती केलीय, कापलेलं काही नाही.

८. संवाद आणि बोली

आता यावर जरा थांबतो, कारण सांगली-साताऱ्याकडच्या लेखकाची खरी ताकद इथं आहे आणि सगळ्यात जास्त माती पण इथंच होते.

पहिली चूक, दोघांनाही माहीत असलेली गोष्ट एकमेकांना सांगणं. पहिल्या ड्राफ्टमध्ये हे असं येतं:

"काकी, तुला माहीतच आहे की मी तो व्यापारी आणला होता आणि तो तुझे पैसे बुडवून पळून गेला. मला खूप वाईट वाटतंय."
"सचिन, तू माझ्या दिराचा मुलगा आहेस, तुझ्यावर मी पोटच्या पोरासारखं प्रेम केलं. पण आता मार्च एंड आलाय आणि मला सोसायटी भरायची आहे."

असं कुठल्या घरात बोलतात? हे वाचकाला सांगायला बोललेलं आहे, एकमेकांशी नाही. आता तोच सीन:

"चा घे की काकी."
"घेतलाय घरनं."
"उन्हाचं कशाला आलीस. सांगायचं न्हाई व्हय, आलो असतो की मी."
"सेक्रेटरी आलता सकाळी."
सचिननं बायकोकडं बघितलं. "आगं, चा ठेव की. साखर कमी घाल काकीला."
"गाडी नवी दिसतीया."
"हप्त्यानं घेतलीया."
"बरं केलंस. पोरीला शाळंत सोडाय बरं पडतंय."

पैशाचा शब्द एकदाही निघाला नाही, पण दोघांनी सगळं बोलून घेतलं. काकीनं विचारलं, सचिननं टाळलं, काकीला कळलं, आणि कळलंय हे तिनं त्याला कळू पण दिलं. आपल्याकडं घरातल्या घरात पैशाचं बोलणं असंच होतं, चहावरनं, गाडीवरनं, पोरांवरनं. कुठलाही महत्त्वाचा संवाद लिहिताना स्वतःला विचारा, खरा शब्द न उच्चारता हे दोघं कसं बोलतील?

दुसरी चूक, बोलीचा मारा. प्रत्येक शब्द मोडून लिहिला की पुण्या-मुंबईचाच काय, पलूसचा वाचक पण अडखळतो. वरच्या संवादात बघा, "न्हाई", "व्हय", "आलता", "दिसतीया" अशा मोजक्या जागी बोली आहे, बाकी शब्द साधेच. बोली शब्दांच्या स्पेलिंगपेक्षा वाक्याच्या घडणीत जास्त असते. "उन्हाचं कशाला आलीस", "घेतलाय घरनं", "आलो असतो की मी", यात एकही अवघड शब्द नाही, पण हे बोलणं इकडचंच आहे. शेवटी येणारा तो "की" पण इथलाच.

तिसरी चूक, सगळे एकसारखे बोलतात. सेक्रेटरी शिकलेला आहे, तो काकीशी बोलताना "वहिनी" म्हणेल आणि अर्धं प्रमाण, अर्धं इकडचं बोलेल. सचिनची पोरगी इंग्लिश मिडियमला असेल तर तिच्या तोंडात आणखी वेगळं. हवालदार बाहेरच्या जिल्ह्यातला असला तर त्याच्या बोलण्यात ते एका-दुसऱ्या शब्दानं जाणवू दे. आणि सांगली, सातारा एकच समजू नका. माण-खटावचा माणूस, कराडचा माणूस आणि जतचा माणूस एका बाकावर बसले तर पाच मिनिटांत कोण कुठला ते कळतं, जतकडं तर कानडीचा वारा लागतो. तुम्हाला जी एक बोली घरातनं मिळालीय तीच लिहा, बाकीच्यांची नक्कल करू नका.

तपासा: संवादातली नावं झाकून कुणालातरी वाचून दाखवा. कोण बोलतंय हे न सांगता कळतंय का?

९. शेवटी भाषा

आता कुठं वाक्याकडं यायचं. मोठ्यानं वाचा, खरंच मोठ्यानं, दार लावून. जिथं जीभ अडखळते तिथं वाक्य मोडा. मग हे शोधून काढा: "जणू काही", "क्षणभर", "अचानक", "नकळत", "कुठेतरी आत". हे शब्द आले की बहुतेक वेळा लेखकाला नेमकं काय घडलं ते दिसलेलं नसतं. "तिच्या डोळ्यांत पाणी तरळलं" पूर्ण कथेत एकदाच परवडतं, आणि शक्यतो तेही नको. काकीनं परत आलेला चेक चार वेळा घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवला, आणि घरी आल्यावर घडी उलगडून इस्त्री केल्यासारखा सरळ करून देव्हाऱ्याखाली ठेवला, यात रडण्यापेक्षा जास्त आहे.

निवेदन प्रमाण भाषेत आणि संवाद बोलीत ठेवणार असाल तर शेवटपर्यंत तसंच ठेवा. शुद्धलेखन सगळ्यात शेवटी, आणि ते एका बैठकीत, कारण तुकड्या-तुकड्यानं केलं की एकाच शब्दाची दोन रूपं राहतात.

१०. वाचायला द्या, पण प्रश्न घेऊन

"कशी वाटली?" विचारलं की "छान" एवढंच येतं. दोन माणसांना द्या, एक त्या धंद्यातला आणि एक नुसता वाचणारा. धंदेवाल्याला विचारा, कुठं खोटं वाटलं. वाचणाऱ्याला विचारा, कुठं कंटाळा आला, कुठं गोंधळ झाला, आणि शेवटी काकीनं काय केलं असं तुम्हाला वाटतं. ते बोलत असताना समजावून सांगायला जाऊ नका, फक्त लिहून घ्या. दोघांनी एकच जागा दाखवली तर तिथं नक्की गडबड आहे. त्यांनी सुचवलेला उपाय मात्र घेतलाच पाहिजे असं नाही, उपाय तुमचा तुम्हाला शोधावा लागतो.

११. पाठवणं

दिवाळी अंकांचं काम पावसाळ्यातच जोरात असतं, गणपतीनंतर कथा पाठवून "या वर्षी घ्या" म्हणणं म्हणजे पुढच्या वर्षाचीच वाट धरणं. वसंतात वही, मे महिन्यात ड्राफ्ट, जूनमध्ये दुसरा हात, जून-जुलैत पाठवणी, असं उलटं मोजून घ्या. अंक निवडताना त्या अंकाचा मागचा दिवाळी अंक खरोखर वाचा. नगर वाचनालयात बसून वाचता येतात, विकत घ्यायलाच पाहिजे असं नाही. विनोदी अंकाला कमलकाकी पाठवून उपयोग नाही.

फाईल युनिकोडमध्ये, वर्डची. पीडीएफ, व्हॉट्सॲपवर तुकड्यानं मजकूर, वहीच्या पानांचे फोटो, असलं काही पाठवू नका, संपादकाला ते परत टाईप करावं लागतं. जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेलं असेल तर आधी युनिकोडमध्ये कन्व्हर्ट करून जोडाक्षरं तपासा, रकार आणि रफार हमखास बिघडतात. पहिल्या पानावर कथेचं नाव, शब्दसंख्या, तुमचं नाव, पत्ता, फोन. फाईलला "कथा फायनल २ नवीन" असलं नाव नको, कथेचं आणि तुमचं नाव द्या.

ईमेलमध्ये चार ओळी पुरतात: कथा पाठवतोय, एवढ्या शब्दांची आहे, आधी कुठं छापलेली नाही, आणि सध्या दुसरीकडं पाठवलेली नाही. हे शेवटचं वाक्य खरं असलं पाहिजे. एकच कथा चार ठिकाणी पाठवली आणि दोन ठिकाणी छापून आली तर दोन्ही संपादक लक्षात ठेवतात. आणि फेसबुकवर आधी टाकलेली कथा बरेच अंक "प्रकाशित" धरतात, तेव्हा कौतुकाच्या घाईत तिथं टाकून बसू नका. कथेचा सारांश, कथा का सुचली, बायकोला वाचून कसं रडू आलं, हे काही लिहू नका.

महिना-दीड महिना वाट बघा, मग एक नम्र ईमेल. रोज फोन नको. नकार आला किंवा उत्तरच आलं नाही, तर अंकाला कळवून कथा मोकळी करून घ्या आणि पुढच्या ठिकाणी पाठवा.

स्वीकारली तर मानधन आहे का, किती, आणि हक्क कुणाकडं राहणार, हे छापायच्या आधी लेखी विचारा. विचारण्यात काही गैर नाही. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणं कथा लिहिणाऱ्याची असते, लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात, आणि त्या कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, कुठल्या भागासाठी ते लिहिलं नसेल तर भारतापुरतं. "सर्व हक्क कायमस्वरूपी" असं लिहिलेला फॉर्म आला तर सही करायच्या आधी "फक्त या दिवाळी अंकात एकदा छापण्यापुरते" अशी दुरुस्ती मागा, कारण पुढं संग्रह काढायचा झाला किंवा कुणी नाटक-सिनेमासाठी विचारलं तर तेव्हा तो कागद आडवा येतो. पाठवलेली फाईल, ईमेल आणि आलेलं उत्तर एका फोल्डरमध्ये ठेवा, आणि मूळ वही पण टाकू नका.